सूर्यासमोर धरलेले भिंग

मुंबईहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग बडनेरा मागे टाकून अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीकडे जाऊ लागला म्हणजे धामणगावच्या पुढे आणि पुलगावच्या अलीकडे तळणी नावाचे एक लहानसे स्थानक लागते. जलद गाडीतील उतारूंची नजर त्याच्या पाटीवर ठरत नाही, आणि ठरावी असे तेथे वरकरणी काही नाहीही. परंतु २२ जानेवारी १८९८ रोजी, पौष अमावास्येच्या दुपारी, वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे आणि अंमलात इंग्रजांचे असताना, याच तळणीस ब्रिटिश अॅस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी दुर्बिणी, वर्णपटदर्शक आणि कॅमेरे सूर्यावर रोखून बसली होती. खग्रास ग्रहणाची छाया त्या दिवशी कोकणच्या किनाऱ्यावर विजयदुर्गाजवळ उतरली, करमाळ्यानजीकच्या जेऊरवरून पुढे सरकली आणि वऱ्हाडचा पूर्व भाग ओलांडून ईशान्येस बक्सरकडे निघून गेली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल, पुलगावला न्यूअल आणि कॅप्टन हिल्स, अशी नामांकित मंडळी त्या छायेच्या वाटेवर तळ देऊन होती. (पाचच वर्षांपूर्वी ‘ओरायन’ प्रसिद्ध करून वेदकालाचा निर्णय नक्षत्रांच्या साक्षीने करू पाहणारे टिळक मात्र त्या पौषात राजद्रोहाच्या शिक्षेपायी कारागृहात होते.)

तळणीच्या तुकडीत ग्रीनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर होते, वर्णपटाचे अभ्यासक जॉन एव्हरशेड होते, आणि माँडर यांच्या पत्नी अॅनी माँडर होत्या. या बाई गणितात पारंगत. ग्रीनिचच्या वेधशाळेत त्यांनी चार वर्षे चाकरी केली होती आणि १८९५ मध्ये विवाह होताच त्या काळच्या रिवाजाप्रमाणे ती त्यांना सोडावी लागली होती. केंब्रिजच्या गर्टन महाविद्यालयाने दिलेल्या अनुदानातून त्यांनी दीड इंच व्यासाचे एक भिंग घेतले होते, आणि मोठमोठ्या दुर्बिणींच्या शेजारी अगदीच किरकोळ दिसणाऱ्या त्या कॅमेऱ्याने खग्रास अवस्थेच्या सुमारे दोन मिनिटांच्या मुदतीत त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळाची चित्रे घेतली. त्या काचा धुऊन पाहता सूर्यबिंबापासून निघून कित्येक बिंबव्यासांइतका दूरवर गेलेला एक सडसडीत किरण त्यांत उमटलेला आढळला. तोपर्यंत छायाचित्रात सापडलेल्या अशा किरणांत तो सर्वांत लांब होता.

आता जो कोणी भिंगाचे स्वभाव जाणतो त्याच्या मनात येथे एक शंका आल्याखेरीज राहणार नाही. हा किरण आकाशातला की कॅमेऱ्यातला? प्रभामंडळाचा आतला भाग झळझळीत आणि बाहेरचा भाग अत्यंत मंद असल्यामुळे आतल्या प्रकाशाचा काही अंश भिंगाच्या पृष्ठांवर उसळून, किंवा काचेच्या मागच्या बाजूवरून परतून, बाहेरच्या मंद भागावर पसरणे मुळीच अशक्य नसते. आणि असा पसरलेला प्रकाश मोठ्या चतुराईने खऱ्याचे सोंग घेतो. अशा वेळी पारख करण्याची रीत साधी आहे. आकाशातील वस्तू कॅमेरा किंचित वळविल्याने आपले स्थान बदलत नाही, सूर्याशी असलेला तिचा कोन कायम राहतो आणि शेजारच्या दुसऱ्या यंत्रातही ती त्याच जागी दिसते. भिंगात जन्मलेली आकृती मात्र कॅमेरा हलताच जागा सोडून पळते. तळणीचा किरण खरा म्हणून मान्य झाला. तथापि ज्या फसव्या प्रकाशाच्या धास्तीने सूर्याचे छायाचित्रकार आपल्या नळ्यांच्या आतल्या बाजू काळ्या रंगवीत आणि काचांच्या पाठीला काळा लेप देत, तोच प्रकाश, ज्याला आज सर्व छायाचित्रकार ‘फ्लेअर’ या नावाने ओळखतात, पुढे चित्रकाराच्या हातचे साधन होऊन बसला. आणि तो कसा उपजतो हे एकदा नीट कळल्यावाचून त्याच्याकडून काम करून घेता येत नाही.

रात्रीच्या गाडीत खिडकीची काच बंद करून बाहेर पाहू गेल्यास आपलाच चेहरा काचेत दिसतो, याचे कारण साध्या काचेचे प्रत्येक पृष्ठ आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा ४ भाग परत फेकते. भिंगाच्या बाबतीत हे ४ भाग पुढील सर्व प्रकरणाचे मूळ होत. एकदाच परतलेला प्रकाश कॅमेऱ्याबाहेर निघून जातो, त्याचा उपद्रव नाही. परंतु मागच्या पृष्ठावरून परतलेला प्रकाश पुढच्या पृष्ठावर पुन्हा उसळला म्हणजे तो आत वळून फिल्मपर्यंत किंवा सेन्सरपर्यंत पोहोचतो. चारांपैकी पुन्हा शेकडा चार, म्हणजे मूळ प्रकाशाचा केवळ ६२५वा हिस्सा. एखाद्या झाडाच्या किंवा माणसाच्या बाबतीत तो हिशेबातही धरावा लागत नाही. सूर्याची गोष्ट निराळी. उन्हात उभ्या असलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा सूर्यबिंब हजारो पटींनी तेजस्वी असल्यामुळे त्याचा ६२५वा हिस्साही चित्रातल्या इतर सर्व वस्तूंवर मात करावयास पुरेसा होतो.

पृष्ठे जितकी अधिक तितक्या त्यांच्या जोड्या अधिक, आणि प्रत्येक जोडी एकेक स्वतंत्र प्रतिमा उत्पन्न करू शकते. झाइसच्या कारखान्यात पॉल रुडॉल्फ यांनी १८९६ मध्ये सिद्ध केलेल्या ‘प्लॅनार’ या भिंगात हवेला लागून असणारी आठ पृष्ठे होती, म्हणजे २८ जोड्या. आणि म्हणून रचना उत्तम असूनही ते भिंग उजेडासमोर फिके पडत असे. त्याच रुडॉल्फ यांनी १९०२ मध्ये आणलेल्या ‘टेसार’ मध्ये पृष्ठे सहा आणि जोड्या १५. ते जगभर खपले. ‘प्लॅनार’ चे भाग्य उघडावयास पृष्ठांवर लेप देण्याची विद्या यावी लागली. यॉर्क येथील डेनिस टेलर यांच्या लक्षात आले होते की जुनी, हवेने काळवंडलेली भिंगे नव्या स्वच्छ भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात, आणि १९०४ मध्ये त्यांनी काच मुद्दाम काळवंडविण्याचे पेटंट घेतले. परंतु भरवशाचा उपाय १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काढला. निर्वात पेटीत क्षाराची वाफ करून तिचा, प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याइतका, अतिशय पातळ थर काचेवर बसवावयाचा, ही ती युक्ती. मॅग्नेशियम फ्लुओराइडचा असा थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा असला म्हणजे परतणारा प्रकाश शेकडा ४ वरून सव्वाच्या आसपास उतरतो. जर्मन लष्कराने ही युक्ती दीर्घकाळ गुप्त ठेवली होती. १९७१ मध्ये पेंटॅक्सने एकावर एक अनेक थरांची भिंगे बाजारात आणली तेव्हा या उपद्रवाचा बंदोबस्त जवळजवळ पुरा झाला, आणि ज्या भिंगाच्या तोंडाशी आज जांभळी किंवा हिरवट झाक दिसते त्यावर असेच थर आहेत असे समजावे.

चित्रात उतरणाऱ्या या प्रकाशाचे दोन अवतार असतात, आणि त्यांचे मोल माझ्या मते सारखे नाही. पहिला अवतार म्हणजे ठिपक्यांची माळ: लहानमोठी, रंगीत, बहुधा षट्कोनी किंवा अष्टकोनी भुते, जी सूर्य आणि चित्राचा मध्यबिंदू यांना सांधणाऱ्या सरळ रेषेवर ओळीने उभी राहतात. त्यांचे कोन म्हणजे भिंगाच्या पोटातील अॅपर्चरच्या पात्यांचे कोन. अॅपर्चर पूर्ण उघडले की ते वाटोळे होतात. दुसरा अवतार म्हणजे धूसर पडदा. यात आकृती अशी काहीच नसते. सर्व चित्रावर पांढुरकी किंवा सोनेरी झाक चढते, काळे ते करडे होते, दूरचे व जवळचे एकमेकांत मिसळू लागते. भुते पाहणाऱ्यास कॅमेऱ्याची आठवण देतात. पडदा उन्हाची आठवण देतो. म्हणून भुतांचा उपयोग क्वचित आणि जपून करावा, पडद्याचा मात्र सढळ हाताने केला तरी चालतो. सूर्याभोवती उमटणारी चांदणी ही या दोहोंहून वेगळी. ती परावर्तनाची नव्हे, तर अॅपर्चरच्या बारीक छिद्राच्या कडांवरून प्रकाश वाकण्याची करणी आहे. पात्यांची संख्या सम असेल तर किरण तितकेच निघतात, विषम असेल तर दुप्पट. सहा पात्यांना सहा, सातांना चौदा.

सूर्याकडे कॅमेरा करू नये, असा हुकूम छायाचित्रकलेच्या जुन्या पुस्तकांत जवळजवळ सर्वत्र आढळतो, आणि चित्रपटवाले तर त्याने फिल्म जळते असेही मानीत. जपानचे अकिरा कुरोसावा आणि त्यांचे छायालेखक काझुओ मियागावा यांनी १९५० मध्ये ‘राशोमोन’ साठी रानातल्या पानांमधून थेट सूर्यावर कॅमेरा रोखला तेव्हा तो हुकूम जाहीरपणे मोडला गेला. पुढच्या वर्षी व्हेनिसला त्या चित्रपटास सर्वोच्च पारितोषिक मिळाले. साठीनंतरच्या अमेरिकन चित्रपटांत तर, लाझलो कोवाच यांनी छायालेखन केलेल्या ‘ईझी रायडर’ (१९६९) सारख्यांत, भिंगावर आलेले ऊन काढून टाकण्याऐवजी तसेच ठेवण्यात आले. आपल्याकडे या संदर्भात ‘कागज के फूल’ (१९५९) मधील व्ही. के. मूर्ती यांच्या प्रकाशझोताचे नाव हमखास निघते. परंतु तो झोत आरशांवरून सूर्यप्रकाश आत वळवून केलेला, हवेतल्या कणांमुळे दिसणारा, भिंगाच्या बाहेरचा आहे. अकोल्यातील एखाद्या जिनिंगच्या शेडमध्ये, उडणाऱ्या सरकी-कापसाच्या धुरळ्यातून छपराच्या फटीतले ऊन जमिनीवर उतरते, तेही त्याच जातीचे. हा झोत आणि फ्लेअर यांची गल्लत करू नये. झोत कोणत्याही भिंगात दिसेल, फ्लेअर भिंगागणिक बदलेल.

वऱ्हाडच्या छायाचित्रकारास मात्र कुरोसावांच्या परवानगीपेक्षा आपल्या अक्षांशाचा हिशेब अधिक कामाचा आहे. विलायती पुस्तके ज्या सोनेरी वेळेचे एवढे वर्णन करतात ती वेळ लंडनच्या अक्षांशावर रेंगाळते, कारण तेथे सूर्य क्षितिजावरून फार तिरका चढतो; मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास उगवल्यानंतर तासाभरात तो सुमारे ९ अंशच वर येतो. अकोला २०.७ अंशांवर, येथे त्याच दिवसांत त्याच तासाभरात तो १४ अंश वर गेलेला असतो. म्हणजे जे काम लंडनला दीड तास सावकाश करता येईल ते येथे एका तासात उरकावे लागते. मेच्या चोवीस तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या वीस तारखेच्या आसपास तर मध्यान्हीचा सूर्य अकोलेकरांच्या नेमका डोक्यावर असतो, उभ्या काठीची सावली तिच्या पायातच जिरते, आणि मेमधल्या, पारा ४५ अंशांवर गेलेल्या दिवसांत दुपारी चित्र काढणे म्हणजे केवळ हौसेची शिक्षा. याउलट डिसेंबरच्या अखेरीस भर मध्यान्हीसुद्धा सूर्य जेमतेम ४६ अंश उंच असतो, हवा निवळ असते, आणि नेमका तेव्हाच काळ्या रानात कापूस फुटलेला असतो. वेचणीच्या वेळी पऱ्हाटीच्या ओळीत खाली बसून, सूर्य समोर घेऊन, फुटलेल्या बोंडांकडे भिंग केले असता प्रत्येक बोंडाच्या कडेला उजेडाची किनार येते आणि मागच्या काळ्या मातीवर तो धूसर पडदा पसरतो. उन्हाकडे पाठ करून काढलेल्या चित्रात तेच बोंड चुन्याच्या ठिपक्यासारखे सपाट दिसते.

हे साधण्यास महागडे साहित्य लागत नाही; लागते ती उभे राहण्याच्या जागेची पारख. सूर्य पूर्णपणे चौकटीत घेतला तर तो सारे चित्र गिळून टाकतो; तो एखाद्या खांबाच्या, फांदीच्या किंवा माणसाच्या खांद्याच्या कडेआड अर्धामुर्धा दडवावा आणि मग आपण वीतभर इकडेतिकडे सरकत पडदा कमीजास्त होताना डोळ्यांनी पाहावा. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील बाळापूरला मिर्झाराजे जयसिंगांच्या नावाने ओळखली जाणारी जी काळ्या दगडाची छत्री आहे, तिच्या कमानी या अभ्यासासाठीच बांधल्या असाव्यात असे वाटण्याइतक्या सोयीच्या आहेत: एका खांबाच्या कडेला सूर्य टेकवून एफ/१६ वर चित्र घ्यावे म्हणजे चांदणी मिळेल, मग जागा न सोडता अॅपर्चर उघडावे म्हणजे चांदणी विरून पडदा येईल, आणि तळहाताने भिंगावर सावली धरली की पडदाही जाऊन दगडाचा काळेपणा परत येईल. जे एका खांबाशी उभे राहून इतके शिकता येते ते शिकण्यासाठी मेळघाटच्या घाटवाटा चढण्याचे कारण नाही. तथापि ज्यास चढावयाचेच आहे त्याने माघ-फाल्गुनात, सागाची पाने गळून रान मोकळे झाल्यावर जावे. पावसाळ्यात चिखलदऱ्याला मिळणारा धूसरपणा बहुधा ढगांचा असतो, भिंगाचा नव्हे.

अकोल्याचा कावड उत्सव हे दुसरे उदाहरण. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णेचे पाणी कावडींतून आणून राजराजेश्वरास अभिषेक करतात. रस्ता स्थूलमानाने उत्तरेकडून दक्षिणेकडे येतो, म्हणून सकाळचे ऊन चालणाऱ्यांच्या डाव्या अंगास असते. बहुतेक छायाचित्रकार मिरवणुकीच्या तोंडाशी उभे राहून सरळ समोरून चित्रे घेतात, आणि त्यांत गर्दीखेरीज काही दिसत नाही. रस्त्याच्या पश्चिम कडेला उभे राहून पूर्वेकडे भिंग केल्यास कावडीचे भांडे, त्यातून निथळणारे पाणी आणि उडणारा गुलाल सर्वच उजेडाने धारदार होतात, चेहरे मात्र काळवंडतात. तेव्हा उजेडाचे माप आकाशावरून न घेता चेहऱ्यावरून घ्यावे आणि आकाश पांढरे होत असेल तर होऊ द्यावे. श्रावणात आभाळ भरून येण्याचा संभव असतो हे खरे. तसे झाल्यास फ्लेअरची आशा सोडून निमूटपणे साधी चित्रे घ्यावीत.

मोबाइलने चित्र काढणाऱ्यांची एक नित्याची तक्रार असते, ती म्हणजे दिव्याच्या किंवा सूर्याच्या चित्रात कोठून तरी येऊन बसणारा हिरवट ठिपका. वर सांगितलेला नियम त्यालाही लागू आहे: तो ठिपका चित्राच्या मध्यापलीकडे, सूर्याच्या बरोबर समोरासमोर असतो. सूर्य डाव्या वरच्या कोपऱ्याकडे असेल तर ठिपका उजव्या खालच्या कोपऱ्याकडे शोधावा, आणि चौकट थोडी फिरवून तो एखाद्या उजळ भागावर नेऊन जिरवावा. स्वस्त काचेचा फिल्टर भिंगावर लावलेला असेल तर तो आधी काढावा. लेप नसलेली ती दोन पृष्ठे उत्तम भिंगाचीही सारी मेहनत पाण्यात घालतात. उन्हाळ्यातील धूळ भिंगावर बसली म्हणजे तीही प्रकाश विखुरते, पण तिचा पडदा मळकट असतो; आणि ती पुसण्यासाठी खांद्यावरचा दुपट्टा वापरण्याची जी सवय आहे तिच्यामुळे लेपावर कायमचे ओरखडे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवावी, मग मऊ कापड लावावे.

अलीकडे लग्नापूर्वीच्या जोडप्यांची चित्रे काढण्याचा प्रघात चिखलदऱ्यापासून अकोल्याच्या बागांपर्यंत सर्वत्र पोहोचला आहे, आणि त्यांत संगणकावर नंतर चिकटविलेला नारिंगी फ्लेअर सर्रास आढळतो. त्याची रुजवात घेणे सोपे आहे. पायाखालच्या सावल्या एका दिशेस आणि सूर्य भलत्याच दिशेस; ठिपक्यांची रेषा चित्राच्या मध्यातून न जाता कोठूनही जाणारी; केसांच्या कडेला उजेडाचा मागमूस नाही आणि गालांवर मात्र सोन्याचा पूर. ज्याने चित्र आपले म्हणून विकावयाचे त्याने निदान सावल्यांशी तरी इमान राखावे. खोटा दस्तऐवज करणाऱ्यानेही शिक्क्याची तारीख जुळवून घ्यावी एवढी अक्कल पूर्वीच्या कारकुनांना होती.

शेवटी एक विनंती, जी मी केवळ उपचार म्हणून करीत नाही. ज्या कॅमेऱ्यात आरसा आणि काचेचा व्ह्यूफाइंडर आहे त्यातून, विशेषतः लांब पल्ल्याचे भिंग लावले असता, सूर्याकडे डोळा लावून क्षणभरही पाहू नका. भिंग तेथे तुमच्या डोळ्यावर ऊन एकवटीत असते आणि दृष्टिपटलाला झालेली इजा भरून येत नाही. मागच्या पडद्यावर पाहून चौकट ठरवा. आणि पडद्याचा कॅमेरा असला तरी चौकटीत दुपारचा सूर्य ठेवून तो बराच वेळ स्टँडवर तसाच उभा करू नका, सेन्सरही जळतो. सूर्य क्षितिजापासून दोन हातांवर असेपर्यंतच काम करा, आणि काम संपताच भिंगाला झाकण लावा.